‘काकू, यू एट’ म्हणजे नक्की काय? मुलींच्या इंग्रजीबद्दल मदत हवी आहे

अन्नपूर्णा_कर्वेनगर | सोमवार, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच काम घेऊन आले आहे.

कर्वेनगरात गेली अकरा वर्षं मी कॉलेजच्या मुलींसाठी मेस चालवते. सध्या बत्तीस मुली आहेत. लातूर, नांदेड, जळगाव, चंद्रपूर, कुठून कुठून आलेल्या. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सकाळी मी भाजी कुठली ते कळवते, रात्री मुली जेवण कसं झालं ते लिहितात. ते वाचल्याशिवाय मी झोपत नाही. मीठ जास्त पडलं असेल तर दुसऱ्या दिवशी हात सांभाळता येतो.

यंदाच्या मुली लिहितात ते मात्र मला कळत नाही. इंग्रजी माझं वाईट नाही, बी.कॉम. आहे, पतपेढीत नऊ वर्षं नोकरी केली आहे. शब्द ओळखीचे असतात, अर्थ लागत नाही.

गुरुवारी भरीत केलं होतं. जळगावची हिरवी वांगी एका मुलीच्या वडिलांनी पाठवली होती. गॅसवर जाळी ठेवून एकेक भाजलं, साल काळी होऊन तडकेपर्यंत तिथून हलले नाही. वरून मिरची-लसणाचा ठेचा आणि कांद्याची पात. त्यावर आलेले निरोप जसेच्या तसे देते:

‘काकू भरीत इज बसिन, नो कॅप’
‘काकू यू एट!!’
‘डेड’ आणि पुढे तीन कवट्या.

शुक्रवारी आमटीला: ‘आमटी लो-की मिड’.

‘यू एट’ वाचून मला वाटलं, पोरगी विचारते आहे जेवलात का. मी लिहिलं, ‘नाही गं बाळा, भांडी आवरली की बसेन.’ त्यावर आणखी सहा कवट्या. मला धडकी भरली, वांगी बाधली की काय म्हणून वरच्या मजल्यावर जाऊन बघून आले. सगळ्या ठणठणीत, हसत बसलेल्या.

तर मला एवढंच सांगा: भरीत आवडलं का? आमटीला नावं ठेवली का? आणि मी त्यांच्याच शब्दांत उत्तर दिलं तर चालेल का?

एफसी_कट्टा | सोमवार, दुपारी ३:२६

काकू!!! मी एकोणीस वर्षांची आहे, हॉस्टेलला राहते आणि तुमचा धागा वाचून मला तुमच्या मेसमध्ये यायचंय.

सगळं सांगते. ‘बसिन’ म्हणजे अतिशय चविष्ट, हा शब्द मुख्यतः खाण्यासाठीच वापरतात. ‘नो कॅप’ म्हणजे खोटं नाही, शप्पत. कॅप म्हणजे थाप. ‘यू एट’ म्हणजे तुम्ही कमाल केलीत. पूर्ण वाक्य असतं ‘एट अँड लेफ्ट नो क्रम्ब्ज’, म्हणजे ताटात कणसुद्धा उरला नाही इतकं जमवलंत. कोणी छान नाचलं, छान साडी नेसली, परीक्षेत भारी लिहिलं, तरी हेच म्हणतात. जेवणाशी संबंध असलाच पाहिजे असं नाही.

कवटी म्हणजे ‘हसून हसून मेले’. तुमचं ‘भांडी आवरली की बसेन’ वाचून त्या खरंच मेल्या असणार. पण चिडवायला नाही हो काकू, इतकं गोड उत्तर होतं म्हणून.

‘मिड’... हे जरा सांगायला जिवावर येतंय. मिड म्हणजे ठीकठाक. ‘लो-की’ म्हणजे हळूच, फार गाजावाजा न करता. तर ती पोरगी हळूच म्हणाली की आमटी यथातथाच होती.

अन्नपूर्णा_कर्वेनगर | सोमवार, दुपारी ३:४१

बरं झालं सांगितलंस. भरीत आवडलं, जीव भांड्यात पडला. आमटीचं मात्र मनाला लागलं.

कोल्हापुरी_ठेचा | सोमवार, दुपारी ४:०२

अन्नपूर्णाताई, ‘यू एट’ला आपल्याकडे हुबेहूब शब्द आहे की. ‘भाव खाऊन गेली!’ संमेलनात एखादी मुलगी दोन मिनिटांच्या कामात सगळं नाटक मारून नेते, तेव्हा आपण काय म्हणतो? भाव खाऊन गेली. त्यांनी नुसतं खाल्लं म्हटलं, आपण भाव खाल्ला म्हणतो. पोरी तुम्हाला म्हणाल्यात की काकू, तुम्ही भाव खाल्लात.

आणि आमच्याकडे भरिताला ‘नाद खुळा’ म्हटलं असतं, विषय संपला.

मास्तरीणबाई | सोमवार, दुपारी ४:३०

कोल्हापुरी_ठेचा, वा! फक्त एक भर घालते. नुसतं ‘ती भाव खाते’ म्हटलं की अर्थ पालटतो, म्हणजे ती आढ्यता दाखवते. ‘खाऊन गेली’ कौतुक, ‘खाते’ तक्रार. एक क्रियापद बदललं की पारडं फिरलं. परक्या माणसाला हे कोण समजावणार? मुलींच्या शब्दांचंही तसंच आहे. शब्दकोशातला अर्थ पुरत नाही, कोण कोणाला कुठल्या सुरात म्हणतंय ते बघावं लागतं.

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. कोशात ‘मिड’ म्हणजे मधला. मधलं असणं वाईट का असावं? पण मुलांच्या तोंडी तो शब्द मधोमध राहत नाही, खाली घसरतो. आपल्या ‘बरा आहे’चंही तेच. स्थळ पाहून आल्यावर आई ‘बरा आहे मुलगा’ म्हणाली की घरात सगळ्यांना कळतं, हे काही जमत नाही.

शुद्ध_सदाशिव | सोमवार, सायंकाळी ५:१५

माझं मत वेगळं आहे आणि ते मी स्पष्ट मांडतो. लातूरची मुलगी, पुण्याची काकू, जळगावचं वांगं. यात इंग्रजी आलं कुठून? ‘काकू, भरीत झकास झालं होतं’ हे वाक्य लिहायला काय कष्ट पडतात? आणि इंग्रजी तरी धड कुठे आहे? ही तर अमेरिकेतल्या गल्लीतली भाषा. चार वर्षांनी हे शब्द कोणाला आठवणार नाहीत, आणि तोवर ‘खमंग’, ‘चविष्ट’, ‘रुचकर’ हे शब्द या मुलींच्या तोंडून गेलेले असतील. आपण मात्र त्यांचे अर्थ शिकत बसायचं.

एफसी_कट्टा | सोमवार, सायंकाळी ५:२२

काका, ‘खमंग’ मी रोज वापरते. शप्पत. नो कॅप.

न्यूजर्सीची_नलू | सोमवार, रात्री ८:४०

सदाशिवकाका, ‘गल्लीतली भाषा’ म्हणालात म्हणून लिहिते आहे. बावीस वर्षं इथे आहे. ज्याला आज ‘नव्या पिढीची भाषा’ म्हणतात त्यातला मोठा भाग कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून आला आहे. ‘बसिन’, ‘नो कॅप’ तिथलेच. ‘कूल’ हा शब्द पसंतीच्या अर्थाने जॅझ वादकांमध्ये रुळला, तोही त्याच समाजातून. ‘यू एट’, ‘स्ले’, म्हणजे कमाल करणे, आणि ‘स्पिल द टी’, म्हणजे आतली बातमी सांग, हे शब्द कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, तृतीयपंथी लोकांच्या नृत्यस्पर्धांच्या वर्तुळातून पसरले. घराने झिडकारलेल्या मुलांनी न्यूयॉर्कमध्ये एकमेकांना धरून जे विश्व उभं केलं, तिथे हे शब्द घडले. ‘टी’ म्हणजे चहा असं आता सगळे समजतात, मुळात ते ‘ट्रूथ’चं आद्याक्षर.

माझ्या मुलीच्या शाळेत एका कृष्णवर्णीय मुलीला तिच्या घरच्या बोलीत निबंध लिहिला म्हणून कमी गुण दिले गेले. तेच शब्द दोन वर्षांनी मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत झळकले. मला त्याचा फार राग येतो. शब्द घ्यायला हरकत नाही, पण ते कोणी घडवले हे माहीत तरी असावं.

शुद्ध_सदाशिव | सोमवार, रात्री ९:०५

नलूताई, हे मला ठाऊक नव्हतं. ‘गल्लीतली’ हा शब्द मी मागे घेतो. मराठीबद्दलचा मुद्दा मात्र कायम आहे.

सातारी_कंदी | सोमवार, रात्री ९:१८

मुद्दा कायम ठेवा काका, पण ‘झकास’ आणि ‘भारी’ हेही एके काळी आजोबांनी नाकं मुरडलेले शब्द असणार. भारी म्हणजे वजनदार. भरिताचं कसलं वजन?

माझ्याकडून थोडी भर. ‘सॉल्टी’ म्हणजे खारट नव्हे, नाकाला मिरच्या झोंबलेला. ‘रोस्ट’ म्हणजे बिनपाण्याने करणे. ‘घोस्टिंग’ म्हणजे काही न सांगता कल्टी मारणे. आणि ‘फ्लेक्स’ म्हणजे मिरवणे. हा शेवटचा तर पुण्याला कोणी शिकवायलाच नको. चौकाचौकांत ‘भावी नगरसेवक’ लिहून, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल, वाढदिवसाच्या शुभेच्छा स्वतःच स्वतःला. शब्द तिकडचा, पण फ्लेक्सवर फ्लेक्स करणं आपलं.

टेकडीवाला | सोमवार, रात्री ९:३०

हाहा, सातारी!

आणखी एक. दिवसभर ऑनलाइन भांडत बसलेल्याला तिकडे ‘टच ग्रास’ म्हणतात, जा जरा गवताला हात लावून ये. आमच्या घरी चाळीस वर्षं याला ‘टेकडीवर जाऊन ये’ म्हणतात. आईशी वाद झाला की वडील मला वेताळ टेकडीवर पाठवायचे. खाणीपर्यंत जाऊन येईतो डोकं शांत. पुण्यातल्या मुलांनी ‘टच टेकडी’ म्हणावं, असा माझा ठराव.

मीच_तो | सोमवार, रात्री ९:३२

अनुमोदन.

हिंजवडी_फेज_थ्री | सोमवार, रात्री ११:४८

उशिरा आलोय, आत्ता कॉल संपला. मेसच्या आमटीपेक्षा महाग पडलेला एक शब्द सांगतो.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. टेक्सासमधला क्लायंट. मंगळवारी त्याचा मेल आला की मी गुरुवारपर्यंत ‘आउट ऑफ पॉकेट’ आहे. आमच्या मॅनेजरने टीमला बोलावलं, चेहरा पडलेला. म्हणाला, क्लायंटकडचे पैसे संपलेत. आपल्याकडे ‘आउट ऑफ पॉकेट’ म्हणजे पदरचे पैसे घालणे, हेच सगळ्यांना माहीत. दोन दिवस काम थांबलं. एकाने तर दुसऱ्या कंपनीत बायोडेटा पाठवला. शुक्रवारी तो माणूस कॉलवर हजर, मासे पकडायला गेला होता, उन्हाने लाल झालेला. अमेरिकन ऑफिसात त्या शब्दांचा अर्थ ‘मी फोन-मेलवर सापडणार नाही’. त्याने विचारलं, काम का थांबलं? कोणीच बोलेना.

नंतर त्याच टीममधल्या नव्या पोराकडून तिसरा अर्थ कळला. कोणी मर्यादा सोडून बोललं तर त्यालाही ‘आउट ऑफ पॉकेट’ म्हणतात. एकच वाक्य: कफल्लक, गैरहजर किंवा आगाऊ.

तेव्हापासून माझा नियम, समजलं नाही तर त्याच मिनिटाला विचारायचं. मला वाईट एवढ्याचंच वाटतं की त्या खोलीत बारा जण होतो आणि एकानेही ‘याचा अर्थ काय’ एवढे तीन शब्द त्याला मेलवर लिहिले नाहीत. इंग्रजी येत नाही असं दिसेल, या भीतीपोटी.

मास्तरीणबाई | मंगळवार, सकाळी ६:५०

हिंजवडीकर, तुमचा शेवटचा परिच्छेद मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पाठवते आहे. वर्गात हीच भीती घालवण्यात माझी हयात गेली.

लीड्सकर_श्री | मंगळवार, दुपारी १२:१५

इंग्रजी ही एक भाषा आहे हा गैरसमज मला इथे इंग्लंडमध्ये येऊन पहिल्या महिन्यातच सोडावा लागला. अमेरिकेत ‘पिस्ड’ म्हणजे चिडलेला, इथे ‘पिस्ड’ म्हणजे दारू पिऊन तर्र. (दोन्हीकडे शब्द असभ्यच, काकूंनी ग्रुपवर वापरू नये.) अमेरिकेत कार्यक्रम ‘बॉम्ब्ड’ म्हणजे सपशेल पडला. इथे ‘वेंट लाइक अ बॉम्ब’ म्हणजे जोरदार झाला. आणि पुन्हा अमेरिकेतच ‘द बॉम्ब’ म्हणजे झक्कास. म्हणजे सुतळी बॉम्ब वाजला की फुसका निघाला, ते एवढ्याशा ‘द’वर ठरतं. मराठीत असा ‘द’ नाहीच, त्यामुळे आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही.

‘सस’ मुलांना २०१८ साली आलेल्या ‘अमंग अस’ या गेममुळे माहीत झाला. संशयास्पद, काहीतरी काळंबेरं. पण इथल्या वयस्क कॅरेबियन माणसासमोर तो शब्द काढा, चेहरा बदलतो. १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याखाली पोलीस नुसत्या संशयावरून कोणालाही रस्त्यात अडवून पकडत, त्याला लोक ‘सस लॉ’ म्हणत. कृष्णवर्णीय मुलांना त्याचा सर्वांत जास्त जाच झाला. १९८१ मध्ये ती तरतूद रद्द झाली. माझ्या शेजाऱ्याला शाळेत जाताना तीनदा अडवलं होतं. त्याचा नातू घरात ‘ग्रँडॅड इज सस’ म्हणत पळत असतो.

देवळालीकर | मंगळवार, दुपारी १:०३

लीड्सकर, तुमच्याकडे वेडसर माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात ना? ते आमचं गाव! नाशिकजवळचं देवळाली.

इंग्रजांच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे राहायचे. बोटी वर्षभर सुटत नसत, हिवाळ्याच्या हंगामातच जात. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली तो महिनोन्‌महिने अडकला. काम नाही, वर ऊन, हाताशी दारू, अंगात हिवताप. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागली की बाकीचे म्हणत, याला ‘डूलॅली टॅप’ झाला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप! देवळालीचा ताप. पुढे ताप गळून पडला आणि नुसतं देवळाली उरलं.

आपण अजून ‘डोक्याला ताप’ म्हणतोच. म्हणजे आपला शब्द तिकडे जाऊन वेडा झाला, इकडे शाबूत आहे.

लहानपणी मी स्टेशनच्या फलाटावर आजोबांसोबत बसायचो. त्यांनी हे मला सांगितलं तेव्हा खूप अपमान वाटला होता, आपल्या गावाचं नाव वेडेपणाला दिलं म्हणून. आता त्या अडकलेल्या पोरांचीच कीव येते.

लीड्सकर_श्री | मंगळवार, दुपारी १:४०

अरे! दर आठवड्याला कोणीतरी ऑफिसात ‘गॉन डूलॅली’ म्हणतं आणि मी नाशिकचा जावई. आज बायकोला सांगतो.

शुद्ध_सदाशिव | मंगळवार, दुपारी २:२०

देवळालीकरांचा प्रतिसाद उत्तम. त्याच रांगेतले आणखी काही: इंग्रज शिपायांच्या तोंडचा ‘डेको’ म्हणजे नजर टाकणे, तो आपल्याकडचा ‘देखो’. सोप्या, ऐषारामी नोकरीला ते ‘कुशी’ म्हणतात, तो ‘खुशी’वरून. ‘लूट’ तर त्यांनी शब्दासकट नेली. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉबसन-जॉबसन’ हा असल्या शब्दांचा कोशच केला. त्यात ‘चीज’ आहे, ‘द रिअल चीज’ म्हणजे अस्सल वस्तू. तिकडच्या माणसाला ते दुधाचं चीज वाटतं, ती आपली ‘चीज’ आहे, कष्टाचं चीज होतं त्यातली.

सातारी_कंदी | मंगळवार, दुपारी २:३१

काका, मग त्यांनी आपले घेतले तर कौतुक आणि लातूरच्या पोरीने त्यांचे घेतले तर आक्षेप? ह. घ्या.

शुद्ध_सदाशिव | मंगळवार, दुपारी ३:००

हलकेच घेतलं. पण उत्तर देतो. त्यांनी आपले शब्द घेतले तेव्हा त्यांची भाषा धोक्यात नव्हती. माझी नात चौथीत आहे, तिला ‘एकोणसाठ’ म्हटलं तर कळत नाही, ‘फिफ्टी नाइन’ सांगावं लागतं. ‘बसिन’ शिकायला माझी ना नाही, आधी एकोणसाठ यावं.

एफसी_कट्टा | मंगळवार, दुपारी ३:१२

काका, हे खरंच पटलं. मला एकोणसाठ येतं पण एकोणऐंशीला अडखळते. आजपासून पाठ करते.

आकड्यांवरून आठवलं, काकू, तुमच्या मुलींपैकी कोणी ‘सिक्स सेव्हन’ म्हणून हाताचे तळवे वरखाली केले तर अर्थ शोधू नका. त्याला ठरलेला अर्थच नाही, मजा तेवढीच. डिक्शनरी डॉट कॉमने २०२५ चा वर्षाचा शब्द म्हणून तोच निवडला. आणि ‘रिझ’ म्हणजे समोरच्याला पटवायची हातोटी. ‘करिझ्मा’ची डोकं-शेपूट कापून उरलेला मधला तुकडा. ऑक्सफर्डने २०२३ ला वर्षाचा शब्द म्हणून तो घेतला होता.

मास्तरीणबाई | मंगळवार, सायंकाळी ४:४५

सदाशिवराव म्हणाले की चार वर्षांनी हे शब्द कोणाला आठवणार नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत खरं आहे. पण कुठला टिकेल ते कोणालाच आधी कळत नाही. १८३० च्या दशकात बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून आद्याक्षरं लिहायची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’मधल्या ‘ऑल’ला ए ऐवजी ओ आणि ‘करेक्ट’ला सी ऐवजी के, झालं ‘ओके’. २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये ते छापून आलं. पुढच्या वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांचं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’, त्याचीही आद्याक्षरं तीच, म्हणून ते आणखी गाजलं. टूम गेली, बाकीची सगळी आद्याक्षरं गेली, ‘ओके’ राहिलं. आज भाजीवाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळे वापरतात आणि ते गल्लीतलं आहे असं कोणाला वाटतही नाही.

इंग्रजीतल्या ‘गाय’ची गोष्ट वेगळीच. १६०५ मध्ये गाय फॉक्सने पार्लमेंट उडवायचा कट केला. पुढे दर ५ नोव्हेंबरला त्याचा पुतळा जाळू लागले, त्या बुजगावण्याला ‘गाय’ म्हणत. मग विचित्र कपड्यातला माणूस ‘गाय’, मग कुठलाही माणूस ‘गाय’, आणि आता तुमच्या बत्तीस मुली एकमेकींना ‘हाय गाईज’ म्हणत असतील.

अन्नपूर्णा_कर्वेनगर | मंगळवार, सायंकाळी ५:०५

म्हणतात ना, रोज म्हणतात! मला वाटायचं गोठ्यात आले.

मला मूळ प्रश्नातला तिसरा भाग अजून कोणी सांगितला नाही. मी हे शब्द वापरू की नको?

मास्तरीणबाई | मंगळवार, सायंकाळी ५:२०

वापरू नका, असं मी म्हणेन. समजून जरूर घ्या. हे शब्द मुली एकमेकींत वापरतात ते आपली टोळी ओळखता यावी म्हणून. मोठ्यांनी तेच बोलायला सुरुवात केली की ते त्यांचे राहत नाहीत आणि त्या नवे शोधायला जातात. शिवाय अर्थ चुकायचीही भीती. २०१२ मध्ये लंडनमध्ये एका चौकशी समितीसमोर साक्ष झाली होती की पंतप्रधान डेव्हिड कॅमरून ‘एलओएल’ म्हणजे ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून निरोपाखाली लिहायचे. खदाखदा हसण्याची खूण प्रेमाने लिहीत होते. देशाचा पंतप्रधान, इंग्रजी मातृभाषा, तरी.

कोल्हापुरी_ठेचा | मंगळवार, सायंकाळी ५:३३

बाई, मला पटत नाही. माझी आजी ऐंशीची, नातवाला ‘चिल रे बाबा’ म्हणते. पोरगं तिला सोडून जेवत नाही. चुकलं तर चुकलं. ताई, तुम्ही बिनधास्त वापरा.

एफसी_कट्टा | मंगळवार, सायंकाळी ५:४०

मधला मार्ग: काकू, तुम्ही तुमच्या भाषेतच लिहा. ‘भांडी आवरली की बसेन’ यासारखं आम्हाला कोणी लिहीत नाही. घरापासून लांब राहतो ना आम्ही. कवट्या त्यासाठीच होत्या.

न्यूजर्सीची_नलू | मंगळवार, रात्री ९:१०

एफसी_कट्टा, माझी मुलगी हॉस्टेलला आहे. हे वाचून तिला फोन केला.

सातारी_कंदी | गुरुवार, सकाळी १०:०५

दोन दिवस झाले. ताई, आमटीचं काय झालं? कोणी विचारलंच नाही.

अन्नपूर्णा_कर्वेनगर | गुरुवार, रात्री १०:३०

सांगते. हिंजवडीच्या दादांचं मनावर घेतलं आणि सरळ विचारलं. ‘मिड’ लिहिणारी नांदेडची, सेकंड इयरची. संकोचली बिचारी. म्हणाली, काकू, चव लागत होती पण वास येत नव्हता. मी तिथेच ओळखलं. गोडा मसाला संपला होता आणि शुक्रवारी मी घाईत दुकानातून पुडी आणून घातली होती. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बत्तीसपैकी एकीने ओळखलं आणि तेही हळूच सांगितलं. लो-की.

काल दुपारी मसाला केला. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजून. दगडफूल तेलात पडलं आणि तो वास जिन्यापर्यंत गेला, मुली वरून विचारायला आल्या काय चाललंय. आज रात्री तीच चिंच-गुळाची आमटी पुन्हा केली. वाढताना मुलींना कोल्हापुरी_ठेचांचा ‘भाव खाऊन गेली’ समजावून सांगितला, सदाशिवकाकांच्या वतीने एकोणसाठही विचारलं. बत्तीसपैकी एकोणीस जणींना आलं.

मघाशी नांदेडच्या पोरीचा निरोप आला, देवनागरीत: ‘काकू, आज आमटी भाव खाऊन गेली.’ खाली एक कवटी.

मी लिहिलं, ‘उद्या लवकर या, पुरणपोळी आहे.’

शुद्ध_सदाशिव | गुरुवार, रात्री १०:४१

ताई, अभिनंदन. कवटी चालेल.

टेकडीवाला | गुरुवार, रात्री १०:५०

गोड्या मसाल्याचं प्रमाण द्या ना. पाव किलो धण्याला दगडफूल किती?

अन्नपूर्णा_कर्वेनगर | गुरुवार, रात्री १०:५८

मूठभर, पण आधी नीट निवडून, खडे असतात त्यात. उद्या पाककृतीच्या धाग्यावर सविस्तर टाकते. आता डाळ भिजत घालायची आहे.